बंद घरांची शून्ये

नाशिकात डासांच्या अळ्या शोधणाऱ्या पथकावर मी पर्यवेक्षक होतो. कामगार घरोघर जाऊन पिंपे, कुंड्या, कूलर तपासत. त्यांचे आकडे मी नोंदवहीत उतरवून, प्रमाणित म्हणून सही करून वर पाठवीत असे. माझ्या कामाविषयी कधी तक्रार आली नाही.

निवृत्तीनंतर एका संध्याकाळी वरच्या मजल्यावरील मुलगी त्याच नोंदवह्यांच्या झेरॉक्स घेऊन आली. तिने गणितात एम.एस्सी. केले होते. डेंगी शहरात कसा पसरतो याचे गणिती मॉडेल बांधण्यासाठी एका संस्थेत पीएच.डी.ची एकच जागा होती. मुलाखत आठ दिवसांवर आली होती आणि तिचे सारे मॉडेल या आकड्यांवर उभे होते.

“काका, गोदाकाठच्या चाळींत अळ्याच अळ्या, आणि तुमच्या गंगापूर रोडच्या बंगल्यांत तीन पावसाळे शून्य! काय केलं होतंत तिथे?”

काहीच केले नव्हते. बंगल्यांचे रखवालदार आमच्या माणसांना फाटकातूनच परतवीत. एक कामगार येऊन म्हणाला होता, “सायेब, त्यो म्हनतो, मालकाकडं डास नाय, कुत्रं हाय. बघायचं का?” सगळे हसले. मीही हसलो. नोंदवहीत अशा घरापुढे ‘बंद’ लिहून पुन्हा जायचे, असा नियम होता. ‘बंद’ वाढले की वरून विचारणा होई. म्हणून शून्य लिहा, असे मीच सांगितले.

हे मी तिला सांगितले. ती बराच वेळ कागद चाळत राहिली.

“यातली खरी शून्यं कोणती?”

“सांगता येणार नाही.”

“एकसुद्धा?”

“नाही.”

“एवढं कळायला माझं वर्ष गेलं,” ती म्हणाली आणि कागद गोळा करून उठली.

हे आकडे भरवशाचे नाहीत, असे मुलाखतीत तिने स्वतःच सांगितले. जागा दुसऱ्या उमेदवाराला मिळाली. त्याने याच नोंदवह्या वापरल्या होत्या. मला विचारायला तो आला नव्हता.

मी संस्थेला सविस्तर पत्र लिहिले. दोन ओळींचे उत्तर आले : आकडे सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केलेले आहेत, सबब शंकेस जागा नाही. तो अधिकारी मीच, हे माझ्या पत्राच्या पहिल्याच वाक्यात होते. दुसरे पत्र पाठवले. त्याला उत्तर नाही.

मुलगी आता नांदगावला कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. यंदा तशाच एका जागेची जाहिरात आली, ती मी तिच्या आईकडे नेऊन दिली. आठवड्याने तिची आई जिन्यात भेटली.

“ती म्हणते, दुसरे आकडे असतील तर अर्ज करीन.”

दुसरे आकडे नाहीत. ते गोळा करण्याचे काम माझ्याकडे होते.