शेळ्यांनी सोडलेला अडुळसा

जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीमागे औषधी उद्यान आहे. उद्घाटनाला फीत, नारळ आणि तीन भाषणे झाली. पुढे कुंपणातून शेळ्या शिरल्या आणि तुळशीपासून जास्वंदीपर्यंत सगळे फस्त करून गेल्या. अडुळशाला मात्र त्यांनी तोंड लावले नाही, म्हणून तो एकटा माणसाच्या डोक्यावर गेला. मुळात रानातले, ओढ्याकाठचे झुडूप. नुसती फांदी खोचली तरी जगते. थंडीत पांढरी फुले येतात, आत जांभळ्या रेघा, जबडा उघडल्यासारखी. फुले मला आवडली. तरी शेळ्यांचे मत मी विसरलो नाही.

झाडाशेजारच्या पाटीवर 'सर्व विकारांवर गुणकारी' असे लिहिले होते. सर्व विकारांवर चालणाऱ्या गोष्टीचा मला पहिल्यापासून संशय येतो.

मुलगी पहिल्या बाळंतपणाला आली आणि आल्या आल्या खोकू लागली. बातमी खाली पोहोचली असावी. सोसायटीचे अध्यक्ष, निवृत्त अधिकारी, तांब्या घेऊन स्वतः वर आले.

"अडुळसा, आलं, गूळ. दोन वेळा घे पोरी. खोकला पळतो की नाही बघ."

"पोटुशीला चालतो का हा?" मी विचारले.

"अहो, झाडपाला आहे. त्याला कसला साइड इफेक्ट?"

त्यांची पाठ वळताच मुलीच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, अडुळशाने कफ सुटतो हे खरे. जास्त झाला तर उलट्या होतात. पण गरोदरपणी अजिबात नको, वेळेआधी कळा सुरू होऊ शकतात. मुलीने काढा बेसिनमध्ये ओतला, तांब्या घासला आणि स्वतः परत देऊन आली. "छान होता, काका," असेही म्हणाली. हा गोडवा तिच्या आईकडचा.

खोकला वाफेने हळूहळू गेला. बाळंतपण सुखरूप झाले. बारशाला अध्यक्ष पाळण्याजवळच उभे होते, आणि येईल त्याला सांगत होते की हा सगळा अडुळशाचा प्रताप.

तळमजल्यावरची सून पोटाशी हात धरून ऐकत होती. तिला पाचवा महिना होता आणि घसाही बसलेला होता.

"काका, मला पण द्या की थोडा."

"थोडा कशाला? उद्या सकाळी तांब्या भरून आणतो."

मी मुलीकडे पाहिले. तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतले.

"काका, तो काढा मी ओतून टाकला होता. डॉक्टर नको म्हणाल्या. पोटुशीला त्यानं वेळेआधी कळा येतात."

घुगऱ्या वाटणारे हात थांबले.

"सगळा?" अध्यक्षांनी विचारले.

"सगळा."

"मग छान होता म्हणालीस, ते काय?"

"तांब्या छान होता."

तळमजल्यावरची सून हसली, हसता हसता खोकली. "मी आपली वाफच घेते," म्हणाली, आणि पुढ्यातल्या घुगऱ्या खाऊ लागली.