जुनं काढू का?

आमचं नवराबायकोचं शेवटचं साधं काम म्हणजे तांड्यावरच्या एका लग्नपत्रिकेचं प्रूफ.

औंढ्यात देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं पत्रिकांचं दुकान आहे. कागद कापणं, छपाईच्या जाळीवर शाई ओढणं, गावोगाव गठ्ठे पोचवणं माझ्याकडं, कॉम्प्युटर तिच्याकडं. मी चौथी शिकलेला. ती दहावी, वर हिंगोलीला जाऊन टायपिंगची परीक्षा दिलेली. प्रूफ मात्र दोघं मिळून बघायचो आणि उलटं बघायचो, खालच्या ओळीपासून वर. सरळ वाचलं की डोळा ओळखीच्या नावावरून घसरतो, चूक तशीच राहते. ती पडद्यावरचं वाचायची, मी गिऱ्हाइकाच्या कागदावर बोट ठेवून "बराबर" म्हणायचो.

त्या दुपारी नवरदेवाचा चुलता समोर बसला होता. तांड्याचा नायक, कारभारी, नवरदेवाचा मामा, सगळं बराबर निघालं. मग तो म्हणाला, "निमंत्रकात माझ्या धाकट्या भावाचं नाव हाय ना, ते काढा."

"काहून?" हिनं विचारलं.

"बांधावरून वाजलंय आमचं."

"वाजू द्या. लग्न झालं की परत वाजवा. नाव राहू द्या. जेवायला तर येनारच हाय त्यो, दारात उभा करनार का त्याला?"

चुलता हसला. नाव राहिलं. माणसाला तोंडावर शिवी देता आली नाही की तो पत्रिकेतून नाव काढतो, हे मी आयुष्यभर बघत आलो. हिनं आपल्या हातानं कधी कुणाचं काढलं नाही.

तो गेल्यावर तिनं छातीवर हात ठेवला. "आसिडिटी झाली वाटतं, जरा पडते," म्हणाली. दिवे लागायच्या आत तिला नांदेडला नेली. परत आणली ती मेलेली.

आता कॉम्प्युटरचं सांगतो, कारण माझी फसवणूक तिथंच झाली.

आमच्या मशीनवर जुनी विंडोज होती. मशीन बघायला वसमतचा एक मेकॅनिक येतो, कानाजवळ केस पिकलेला, घरच्यासारखा. तो म्हणायचा, "काका, हिचे अपडेट बंद झाले. नवी विंडोज ह्या मशीनला पेलणार नाही. लिनक्स टाकू, फुकट आहे आणि हलकी आहे." पण आमचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर जुन्या काळचं, ते लिनक्सवर चालत नव्हतं. पत्रिकांचे सगळे नमुने त्यातच केलेले. शिवाय बोटांची सवय. जुन्या टायपिंगात ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची, अक्षर मागून. नव्यात उलट.

मी नाही म्हणालो. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी. मला काय, मी कधी त्या बटनांना हातही लावला नव्हता. पुण्याहून आमचं पोरगं सारखं फोन करायचं, "बाबा, बदलून टाका." एकदा मी त्याला झापलं, "तुझ्या मायची बोटं काय नटबोल्ट हायेत का, हितून काढली आन तिथं बसवली?" ती शेजारीच बसून पाकिटांत पत्रिका घालत होती. मान खाली. मला वाटलं, नवरा आपल्या बाजूनं भांडतोय म्हणून बरं वाटलं असेल.

राख सावडून झाली. तेरवीची पत्रिका करायची होती, तर मेकॅनिक स्वतःहून आला. पोरगं दाराशी उभं होतं. मेकॅनिकनं मशीन चालू केलं. काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या, कुठलं उघडायचं ते विचारणाऱ्या. मशीन चालू करणं तिचं काम, मी ते कधी बघितलंच नव्हतं.

"हे दोन काय हाय?"

तो खुर्चीतून माझ्याकडं वळला. मग म्हणाला, "काका, काकूंनी सांगितलं नव्हतं तुम्हाला?"

दसऱ्याच्या सुमाराला तिनं त्याच्याकडून जुन्या विंडोजशेजारी नवी लिनक्स टाकून घेतली होती. मी मोटारसायकलवर गठ्ठे घेऊन हट्ट्याला नाही तर कुरुंद्याला गेलो की ती नवं शिकायची. एकेक नमुना तिनं त्यात परत करून ठेवला. मी घरी येऊन विचारायचो, "काय केलं दिवसभर?" ती म्हणायची, "काई न्हाई, बसून होते."

"काकू म्हणायच्या," तो सांगत होता, "ह्यात बोलल्यासारखं लिहिता येतं. आधी अक्षर, मग वेलांटी. त्यांना जमंल. सरळ मानूस हाय, सरळच पायजे."

"कुनाला जमंल?"

"तुम्हाला. म्हणायच्या, माझ्यामागं दुकान त्यांनाच बघायचं हाय."

"माझ्यामागं म्हंजे?"

त्यानं माझ्या पोराकडं बघितलं. पोरानं जमिनीकडं.

मग निघालं सगळं. काळजाची झडप खराब होती. नांदेडच्या डॉक्टरानं ऑपरेशन सांगितलं होतं, ती नको म्हणाली होती. पोराला आणि त्याच्या घरच्यांना ठाऊक होतं. वसमतच्या मेकॅनिकला ठाऊक होतं. तिच्याबरोबर एका ताटात जेवणाऱ्याला नव्हतं.

"आईनं शपथ घातली होती, बाबा."

"मंग फोनवर माझ्याशी काहून भांडून राहिला होतास?"

"तीच म्हनायची, बाबाला सांग बदलायला. तुमी आपल्या तोंडानं व्हय म्हनावं आसं वाटत होतं तिला."

म्हणजे मी तिच्या बाजूनं भांडत होतो आणि ती पलीकडच्या बाजूला बसली होती. मला शेतात बियाणेवाल्यानं फसवलं, दुकानात कागदवाल्यानं फसवलं. ते फसवणारच, हे ठाऊक होतं. हिच्याबद्दल तसं मनात आणायला जागाच नव्हती. आसिडिटीच्या गोळ्या मी मेडिकलातून आणत होतो. त्या ती माझ्यासमोर पाण्याबरोबर घ्यायची आणि म्हणायची, "आता बरं वाटतंय."

लोक म्हणतात, मायेपोटी केलं. असेल माया. पण तिच्याशेजारी बसून रडायला मला एक दिवस मिळाला असता, तो तिनं माझ्याकडून काढून घेतला. तो दिवस माझा होता.

"डिस्क भरत आलीय, काका," मेकॅनिक हळूच म्हणाला. "जुनं काढू का?"

"आज न्हाई. सकाळी ये."

सकाळी मी एकट्यानं दुकान उघडलं. मशीन चालू केलं, दुसऱ्या ओळीवर गेलो. तेरवीच्या पत्रिकेचा नमुना सापडला. इतर नमुन्यांसारखाच तिनं तोही नीट करून ठेवला होता. एका बोटानं लिहायला लागलो. आधी अक्षर, मग वेलांटी. जमलं. जमलं म्हणून जास्तच राग आला. 'कै. सौ.' लिहून तिचं नाव घातलं. खाली शोकाकुल म्हणून पोराचं, सुनेचं, नातवंडांचं. कागद काढला आणि खालून वर मोठ्यानं वाचला. बराबर म्हणायला कुणी नव्हतं.

मेकॅनिक आला. त्यानं कागद हातात घेतला.

"काका, खाली तुमचं नाव राहिलं."

"ऱ्हायलं न्हाई. काढलंय."

"असं काहून?"

"ज्यांना ठाऊक व्हतं, त्यांची नावं हायेत ती. मला कुनी सांगितलं व्हतं?"

त्यानं कागद टेबलावर ठेवला. 'नाव राहू द्या' म्हणणारी असती तर म्हणाली असती. तो खुर्चीवर बसला.

"आणि जुनं?"

"काढ," मी म्हणालो. "तिचं हाय म्हनून संभाळत होतो. तिनं कवाच सोडलं होतं."