तीनदा आत घेतलेला कोट

गल्लीत तिला सगळे टाकेबाई म्हणत. टायरच्या दुकानामागची, टायरवाल्याचीच एक भाड्याची खोली, दारापाशी तिचं शिलाई मशीन, मशीनमागे पलंग आणि पलंगावर सासूबाई. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की कपडा आत घ्यायचा की सैल सोडायचा, हे तिला मोजपट्टीशिवाय कळायचं. ‘मी होते तेवढीच आहे हो, कापडच आटलंय,’ असं बाया सांगत, आणि टाकेबाई गंभीर चेहऱ्याने मान डोलावून शिवण उसवायला घेई. दुसऱ्याचं खोटं झाकण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तेच पुढे नडलं.

तिचा नवरा सैन्यात ट्रक चालवायचा. म्हणजे कागदावर. परमुलखातल्या तळावर त्याला तीन वर्षं कचऱ्याच्या खड्ड्यावर उभं केलं होतं. टायर, बॅटऱ्या, रंगाचे डबे, जुनी औषधं, जे येईल ते पेटवायचं आणि विझेपर्यंत तिथेच थांबायचं. सोबती त्याला भट्टीवाला म्हणत, आणि हा बाबा ते नाव पदक मिळाल्यासारखं सांगत फिरे. सैन्य सोडताना डॉक्टरांनी काही तक्रार आहे का म्हणून विचारलं, तेव्हा खोकला होताच. पण ‘हो’ म्हणणाऱ्याला तपासणीसाठी आणखी पंधरा दिवस ठेवून घेत, आणि घरी नेणारी बस फाटकाबाहेर उभी होती. तो ‘नाही’ म्हणाला आणि बसमध्ये चढला.

टायरवाल्याला गोदामासाठी खोली हवी झाली तेव्हा माजी सैनिकांच्या घरकर्जाचा विषय निघाला. सरकार हमी देतं, आधी एक पैसा भरावा लागत नाही. भट्टीवाल्याने माजी सैनिक कार्यालयात खेटे घालून पात्रतेचा दाखला आणला आणि गल्लीच्या टोकाचं एक घर पाहिलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पूर्वेला मोठी खिडकी. टाकेबाई त्या खिडकीशी उभी राहिली आणि मशीन कुठे बसेल हे तिने पावलांनी मोजून घेतलं. सासूबाईंनी दुसरी खोली स्वतःच्या नावे जाहीर करून टाकली. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा दार लावून झोपायचं होतं.

टायरवाल्याने सहा महिन्यांची मुदत दिली. मग एके दिवशी भट्टीवाल्याचा एक सोबती चहा पिता पिता बोलून गेला, की ओळखीच्या एकाला छातीत दोष निघाला म्हणून नाकारलं. काय नाकारलं, कुणी नाकारलं, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. त्या दिवसापासून घरात खोकल्याला बंदी झाली.

बँकेचा माणूस कागद तपासायला आला की सासूबाई रेडिओ मोठा करत. आवरलंच नाही तर भट्टीवाला मोरीत जाऊन नळ सोडे आणि टॉवेल तोंडात धरे. औषध दूरच्या दुकानातून येई. सैनिकी दवाखान्याचं नावसुद्धा काढायचं नाही, तिथे नोंद होते. वजन उतरायला लागलं तेव्हा टाकेबाईने त्याचा निळा कोट आत घेतला. पहिल्यांदा दोन बोटं. दोन महिन्यांनी आणखी दोन. बाहेरून पाहणाऱ्याला माणूस तेवढाच दिसायचा. तिला स्वतःच्या कामाचा अभिमान वाटला, हे खोटं कशाला सांगा.

माजी सैनिक कार्यालयाकडून दरवर्षी तब्येतीची प्रश्नावली येत असे. त्याचा हात थरथरायचा म्हणून ती लिहायची, तो खाली सही करायचा. श्वसनाची काही तक्रार? नाही. असं चार वर्षं, आधी सैन्य सोडताना दिलेल्या ‘नाही’शी जुळावं म्हणून, शेवटच्या वर्षी कर्जासाठी.

मधेच सरकारी तपासनीस घर पाहून गेला. छप्पर गळतं, जिन्याला कठडा नाही, आधी दुरुस्ती करा, मग हमी, असं त्याने लिहून दिलं. विकणाऱ्याने त्यात तीन महिने घालवले. सरकारला माणसाची छाती नाही, घराचं छप्पर बघायचं होतं. टाकेबाईच्या हे तेव्हा ध्यानात यायला हवं होतं. पण ती कोट घेऊन बसली होती.

कर्जाच्या कागदांवर सह्या गुरुवारी ठरल्या. रविवारी तिने कोट तिसऱ्यांदा आत घेतला. सोमवारी सकाळी भट्टीवाला मोरीतून बाहेर आला नाही. नळ नुसता वाहत राहिला.

दहाव्या दिवशी ती कार्यालयाच्या खिडकीशी गेली. तिथला कारकून स्वतः माजी सैनिक होता, एक पाय ओढत चालायचा. त्याने तिला आत बोलावून खुर्ची दिली. नवरा सेवेतल्या दुखण्याने गेला असेल तर त्याचा हक्क बायकोला मिळतो, घर अजून हातचं गेलेलं नाही, असं त्याने समजावलं. फक्त दुखणं तळावरचं आहे याचा एखादा कागद हवा. टाकेबाईकडे कागद नव्हता. तिने पिशवीतून कोट काढला, उलटा केला आणि टेबलावर पसरला. टाक्यांच्या तीन ओळी एकीशेजारी एक होत्या. कोणती कधी घातली ते तिने बोटाने दाखवलं. कारकुनाने शिवणीवरून हात फिरवला.

मग त्याने फाइल उघडून तिच्यापुढे केली. त्यात त्या चार प्रश्नावल्या होत्या.

“अक्षर कुणाचं?” त्याने विचारलं.

“माझं.”

“लपवलंत कशाला, बाई?”

“आधी त्यांच्या पहिल्या ‘नाही’शी जुळावं म्हणून. मग कर्ज नाकारतील म्हणून.”

त्याने चष्मा काढला. “कर्जाला तब्येत कुणी विचारत नाही. मिळकत बघतात आणि घर बघतात. तब्येत विचारतात ती विम्याला. एकदा जरी ‘हो’ लिहिलं असतंत, तरी आज मी या घराचा अर्ज तुमच्या नावावर पुढे पाठवला असता.”

आम्ही सगळेच ‘नाही’ लिहितो, मीही तेच लिहीत आलो, असं कारकून हळूच म्हणाला. पण त्याने तिचं काय भलं होणार होतं? अपिलाचा अर्ज त्याने स्वतः शोधून दिला. मृताने हयातीत ही तक्रार कधी कळवली होती का, हा पहिलाच प्रश्न. तिने त्याच वळणदार अक्षरात ‘नाही’ लिहिलं.

घरी सासूबाई पलंगावर जाग्याच होत्या. घराचं काय झालं, त्यांनी विचारलं.

“गेलं, आई. मीच घालवलं.”

सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. रडतायत की काय म्हणून टाकेबाई जवळ जाऊन बसली.

“आणि रेडिओ कोण मोठा करत होतं?” त्या म्हणाल्या.

मग दोघी उठल्या आणि सामान बांधायला लागल्या. खोली शनिवारपर्यंत रिकामी करायची होती.