बस्त्याला नेलेला चष्मा

माझं लग्न ठरलं तेव्हा मी नवऱ्या मुलाला पाहिलेलं नव्हतं. तो मात्र समोरच, सहा-सात हातांवर बसला होता.

त्याचं झालं असं. कराडजवळच्या आमच्या गावात चष्मा लावणारी मुलगी मी एकटीच. अकरावीला फळ्यावरचं दिसेना, म्हणून वडिलांनी मला साताऱ्याला नेऊन चष्मा करून आणला, आणि त्या दिवसापासून आईने त्या चष्म्याशी वैर धरलं. पाहुणे बघायला आले त्या सकाळी तिने तो माझ्या नाकावरून उचलला आणि ज्वारीच्या कणगीवर ठेवून दिला.

"पावणं गेल्यावर घाल काय घालायचा त्यो. चष्म्याची पोरगी म्हणलं की लोकं चहा न घेता उठत्यात."

एवढ्या जवळचं मला दिसत असणारच, अशी तिची समजूत. मला दिसला एक पांढरा शर्ट आणि त्याच्यावर एक सावळा, धूसर चेहरा. आवाज तेवढा चांगला होता. मुलगा माधवनगरच्या एका गिरणीत नोकरीला, घरची थोडी शेती, माणसं सरळ. वडिलांनी आत येऊन "पसंत हाय का?" म्हणून विचारलं, तेव्हा मी मान हलवली. दिसलाच नाही, असं सांगायची तेव्हा सोय नव्हती.

सुपारी फोडायला नवरा मुलगा येत नसे, त्यामुळे तीही संधी गेली. लग्न वैशाखात धरलं. मधल्या तीन महिन्यांत घराला उसंत नव्हती. शेवया, कुरडया, पापड, हळद कुटणं, आणि रुखवतासाठी माझं दिवसभर भरतकाम. मी चष्मा लावून टाके घालत बसायची आणि अंगणात परकं कुणी दिसलं की आई घसा खाकरायची. मग चष्मा परकराखाली. असं किती दिवस चालणार, हे दोघींनाही कळत होतं. लग्नानंतर काय, असं विचारलं की आई म्हणायची, "एकदा अक्षता पडू देत." त्याआधी कळलं तर मोडेल, ही तिची धास्ती होती, आणि खोटं कशाला सांगू, माझीही होती. मोडलेल्या लग्नात खोट नेहमी मुलीचीच निघते.

दुसरी काळजी मी कुणाला सांगितली नव्हती. त्याचा चेहरा कसा असेल? कुरडया घालायला आलेल्या शेजारणी मला म्हणायच्या, "लय मोठ्या मनाची गं तू." मला वाटायचं, आपली एवढी मोठी शेती सोडून गिरणीच्या चाळीत दोन खोल्यांत राहायला चाललेय, म्हणून म्हणत असतील. मी आपली नम्रपणे हसायची.

फाल्गुन संपता संपता बस्ता बांधायला आम्ही एसटीने सांगलीला गेलो. चष्मा आईच्या पिशवीत, भाकरीच्या फडक्याखाली. दुकानात त्यांची माणसं आधीच आली होती. बायका गादीवर बसल्या, पुरुष दाराशी बाकावर. त्या पाच-सहा धूसर पुरुषांत आपला कोणता, ते मी आवाजावरून शोधू लागले. त्यातला एक उंच माणूस मोकळं हसला. हाच, असं मी ठरवलं आणि तासभर त्याच्यापुढे मान खाली घालून बसले. नंतर कळलं, ते नणंदेचे यजमान होते.

साड्यांचा ढीग झाला, पण शालू काही ठरेना. सासूबाई म्हणाल्या, "वरच्या फळीवरचा कुठला काढायला सांगू, तूच सांग पोरी."

मी ऐटीत बोट केलं. "तो लाल."

दुकानदाराने वर बघितलं, मग माझ्याकडे. "ताई, तो आमच्या देव्हाऱ्याचा पडदा हाय."

सगळे हसले, आणि मग हसायचे थांबले. "लाजतीया पोर," आई घाईने म्हणाली. मला एकदम राग आला. आईचा, त्या पडद्याचा, इतके दिवस परकराखाली चष्मा लपवणाऱ्या माझा स्वतःचा.

"आई, माझा चष्मा दे."

आई हलली नाही. मीच पिशवीत हात घातला, भाकरीचं फडकं बाजूला केलं आणि चष्मा चढवला.

पहिल्यांदा सासूबाई दिसल्या. त्या रागावतील असं वाटलं होतं, पण त्या घाबरल्या होत्या आणि दाराकडे बघत होत्या. मीही तिकडे बघितलं. दाराच्या कडेला पांढऱ्या शर्टातला एक तरुण उभा होता. कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळा चेहरा देवीच्या वणांनी भरलेला. मी बघतेय हे त्याला कळलं, तरी त्याने तोंड फिरवलं नाही. उलट उजेडात एक पाऊल पुढे आला आणि मला बघू दिलं.

मोठं मन म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. मी समोर बसून बघितलं आणि तरी हो म्हटलं, असंच सगळ्या गावाने धरलं होतं. मला धक्का बसला.

"म्हंजी हिनं बघितलंच न्हाई?" सासूबाईंनी आईला विचारलं. आई साडीच्या काठाकडे बघत राहिली. मोडण्याची जी भीती आम्ही वाहत आलो होतो, ती आता त्यांच्या तोंडावर दिसत होती.

तो गादीपाशी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "पत्रिका अजून छापायला दिली न्हाई. नको म्हणायचं असंल तर आजच म्हणा. मीच मोडलं म्हणून सांगतो. तुमच्यावर बोल न्हाई येणार."

"मला चष्मा हाय, हे तुमाला ठाऊक होतं?"

"नाकावर दोन वळ होते. पहिल्याच दिवशी दिसले."

"मग तवाच का न्हाई बोलला?"

"आधी दोन पोरींनी न्हाई म्हणलं होतं. तुमी व्हय म्हणला. म्हणलं, ते व्हय ऱ्हाऊ द्यावं थोडं दिवस."

माझा राग कुठे गेला कोण जाणे. बघायला आले त्या सकाळी आमच्या सोप्यात इतकी माणसं होती, पण मला नीट बघितलं होतं ते या एकट्याने. मी चष्मा नाकावर नीट बसवला आणि सासूबाईंना म्हणाले, "शालू ह्यांनाच निवडू द्या. ह्यांची नजर माझ्यापेक्षा बरी हाय."

सासूबाई रडल्या की हसल्या ते त्यांनाही कळलं नसेल. पत्रिका त्याच दुपारी छापायला गेली. आई मात्र परतीच्या एसटीत कराडपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

लग्नात मी चष्मा लावूनच उभी राहिले. फोटोग्राफरने काढायला सांगितला, मी काढला नाही. पंधरा दिवसांनी फोटो आला. काच चमकून माझे डोळे झाकले गेले होते, आणि ह्यांच्या चेहऱ्यावर एकही वण नव्हता. फोटोग्राफरने आपल्या कारागिरीने गाल तुळतुळीत करून टाकले होते. सासूबाई हरखल्या. ह्यांनीही तो हातात घेतला आणि बराच वेळ बघत बसले.

दुसऱ्या दिवशी मी तो फोटो घेऊन सांगलीला गेले आणि फोटोग्राफरच्या टेबलावर ठेवला.

"ह्या माणसाला मी पसंत केलेलं न्हाई," मी म्हणाले. "माझ्या नवऱ्याचा फोटो द्या."