मावशींनी अर्धी ठेवलेली गोष्ट

"आधी नाव सांग, मगे गोष्ट," खाटेवरची चादर ओढत मावशी म्हणायच्या आणि तापाने मलूल झालेलं पोरही उठून बसायचं.

परळच्या एका हॉस्पिटलात, मुलांच्या वॉर्डात त्या आया होत्या. दाराशी टेबल टाकून फॉर्म भरणारी मी क्लार्क. ज्या पोराचं नाव, तोच गोष्टीतला राजा. रोज चादर बदलताना एक तुकडा. रक्त घ्यायला येणाऱ्या माणसाला त्यांनी एकदा राक्षस केलं, तर तो बिचारा चार दिवस दबकत येत होता. पोर घरी गेलं की गोष्ट बंद. दुसऱ्याने कितीही हट्ट केला तरी नाही. "ती तेची. दुसऱ्याक सांगूची नाय."

मी मात्र रद्द फॉर्मांच्या पाठीवर त्या उतरवू लागले. आधी निव्वळ चाळा म्हणून. मग एक दिवस डबा न उघडताच जेवणाची सुट्टी संपली, तेव्हा कळलं, हे वेड आता सुटायचं नाही. तेही चाळिशीत, बरं का.

सोनू सहा वर्षांचा होता. त्याच्या गोष्टीत तो होडी घेऊन आईकडे निघाला होता. होडी खाडीच्या मध्यावर असताना सोनू गेला. मावशींनी चादर बदलली आणि गोष्ट तिथेच ठेवली.

मी ती घरी जाऊन पुरी केली. होडी काठाला लावली, आई धावत आली. सोनूचं नावसुद्धा बदललं नाही. पुढे या गोष्टींचं माझं पहिलं पुस्तक निघालं, ते त्याच गोष्टीने गाजलं. पेढे घेऊन मी मावशींकडे गेले, हौसेने वाचून दाखवली.

त्यांनी सगळं ऐकलं. "तेच्या आवशीन वाचल्यान तर गो बाय?"

"बरंच वाटेल तिला," मी म्हटलं. लाज वाटते सांगायला, पण लिहिताना ती खरी आई मला एकदाही आठवली नव्हती.

त्यानंतर मी टेबलाशी असेपर्यंत मावशी गोष्ट सांगेनाशा झाल्या. मी चहाला गेले की आतून पोरांचं हसू ऐकू यायचं. मग मीच चहा लांबवायला लागले. माफी मागायची राहून गेली. निवृत्त होऊन त्या गावी गेल्या, गेल्या वर्षी तिकडेच वारल्या.

पुढच्या आवृत्तीत तो शेवट काढायचा, असं दर वेळी ठरवते. अजून काढलेला नाही. लोकांना तोच आवडतो.

परवा डिलाईल रोडच्या एका शाळेत मुलांनी तीच गोष्ट मागितली. मी सांगितली. टाळ्या पडल्या. मागे पालकांत बसलेली एक बाई तेवढी हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत होती. तिला नाव विचारायचा मला धीर झाला नाही.