मामांची खाकी पुस्तकं

पुस्तकांची उभा जन्म राखण करून त्यातलं एकही न वाचलेला माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या नणंदेचा सासरा होता. आमी सगळे त्यांना मामा म्हणायचो. शिक्षण निजामाच्या राजातलं, म्हणजे उर्दूतलं. उर्दू पाण्यासारखी यायची. मराठी मात्र ओढ्यातल्या दगडांवरून जावं तशी, एकेक अक्षर चाचपत. अशा माणसाच्या हाती आमच्या गावचं वाचनालय. ताडकळसच्या अलीकडं आमचं गाव, चावडीला लागून एक खोली, दोन कपाटं, एक बाकडं. नवं पुस्तक आलं की मामा आधी त्याला खाकी कागदाचं कव्हर चढवायचे. वर नाव नाही, गाव नाही. का म्हणून विचारलं तर म्हणायचे, "नाव दिसलं की माणूस पुस्तकालाबी जात विचारतो." मग पुस्तक द्यायचं कशावरून? तर वजनावरून. सुगीत बारीक, उन्हाळ्यात जाड, लेक सासरी धाडून आलेल्या बाईला मध्यम. माझी शाळा चौथीत सुटलेली, तर मला पहिल्याच दिवशी दगडासारखं जड पुस्तक दिलं. म्हणाले, "सूनबाई, तुमच्या घरात लय कालवा असतो, हे पुरंल."

खरी परीक्षा परत करताना. बाकड्यावर बसवायचे आणि विचारायचे, "शेवटी काय झालं?" सांगता आलं तर दुसरं पुस्तक, नाहीतर तेच पुन्हा बगलेत मारून घरी. आमचे तलाठीसाहेब एकदा न वाचताच ठोकून मोकळे झाले, की शेवट गोड झाला, सगळे सुखानं नांदले. मामा थंडपणे म्हणाले, "असं का? मागच्या महिन्यात तर सगळे मेले होते. उठून बसले काय?" लोकांच्या तोंडून ऐकून ऐकून दोन्ही कपाटं त्यांच्या पोटात गेली होती.

पण शेवट सांगावा तो शेवंतानं. ही गावकुसाबाहेरच्या वस्तीतली, सातवी शिकलेली, रोजानं खुरपायला जाणारी. ती सांगायला लागली की मामा चष्मा काढून डोळे पुसायचे. मी माझं पुस्तक मांडीवर धरून पाळीची वाट बघत तिच्या शेजारी बसायची. एका बाकड्यावर आमी दोघी. गावात दुसरी अशी जागा नव्हती, पाणवठ्यावर तर नव्हतीच.

मग ते नामांतराचं साल आलं. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला. आमच्या गावात एकही घर जळलं नाही, असं आमचे लोक अजून छाती काढून सांगतात. काय जळलं ते मी सांगते. माझे दीर भावकीतली चार माणसं घेऊन वाचनालयात गेले. म्हणाले, वस्तीचं कपाट वेगळं करा, त्यांची पुस्तकं आमच्यात नकोत. मामांनी दोन्ही कपाटं सताड उघडली. "करा की. कोणतं कुठं जाऊन आलंय ते मला काय ठावं? सगळ्यांचे कुर्ते एकच हायत. तुमीच हुंगून निवडा." वर म्हणाले, "आन् निम्मे शेवट मला शेवंतानं सांगितलेत. ते कुठं ठिवू?"

मामांना कुणी बोट लावलं नाही. फक्त घराघरांतून हुकूम सुटला, तिकडं कुणी फिरकायचं नाही, बायांनी तर नाहीच. शेवंताला कुणी रानात कामाला बोलवेना. ती नवऱ्याबरोबर गाव सोडून गेली. मामा रोज कुलूप काढायचे, बाकडं पुसायचे आणि त्याच्या एका कडेला बसायचे, दोघींची जागा सोडून. पुढं ती खोली खताच्या पोत्यांना पाहिजे झाली, मग रंगीत टीव्हीला. पुस्तकं गोठ्यात गेली. वाळवी मात्र गावापेक्षा बरी निघाली, तिनं कपाट बघून खाल्लं नाही.

नामांतर झालं तोवर मामा चुडाव्याला लेकीकडं खाटेला लागले होते. मी भेटायला गेले. मला बघून म्हणाले, "नाव बदललं म्हणत्यात, सूनबाई."

"हो मामा."

"मग आपलं उघडलं का?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. मला वाटलं, डोळा लागला. तर तसंच तिकडं बघत म्हणाले, "शेवंतानं सांगितलेली ती लंगड्या बाईची गोष्ट... शेवटी काय झालं होतं?" त्यांना पाठ होतं. तरी मी सांगितलं. शेवंतासारखं काही जमलं नाही.

आता नातसुनेनं माझ्या फोनमध्ये पुस्तकं भरून दिलीत. दोन नव्हे, दोनशे कपाटं मावतील म्हणते. अक्षर पाहिजे तेवढं मोठं होतं, गुणाचं आहे, नावं ठेवत नाही. पुस्तक संपलं की तो फोनसुद्धा विचारतो, किती चांदण्या देता म्हणून. मी काही देत नाही. पदर नीट करते, आणि शेवट तोंडाशी धरून थोडा वेळ तशीच बसते, बाजूला एकीपुरती जागा सोडून.