तारप्याला पाठ

माझ्या गच्चीवर दुर्बीण आहे आणि कपाटात दुधीभोपळ्याचा एक तारपा. विज्ञानवेड्या माणसाला हे आदिवासी वाद्य कशाला, असं विचारणाऱ्यांचा मला राग येतो. अहो, ध्रुवाभोवती तारे फिरतात, तशी आमच्याकडच्या पाड्यांवर तारपा वाजवणाऱ्याभोवती माणसं फिरतात. नाचताना तारप्याला पाठ करायची नाही, एवढंच पाळायचं.

काल सभागृहात हाच नाच ठेवला होता. निवेदकाने नाचणाऱ्यांना पाहुण्यांकडे तोंड करून सरळ रांगेत उभं केलं आणि तारपा वाजवणाऱ्या म्हाताऱ्या बाबांना त्यांच्या मागे, पडद्याला टेकवून. का, तर म्हणे फोटो चांगले येतात. माझं डोकंच सणकलं. सूर्याला कोपऱ्यात बसवून ग्रहांची रांग लावणारा हा माणूस, आणि माइक त्याच्याच हातात. मी तिसऱ्या रांगेत नुसता धुमसत बसलो. उठलो मात्र नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

बाबांनी तारपा तोंडाला लावला आणि वाजवत वाजवतच रांगेला वळसा घालून ते पुढे आले. नाचणाऱ्यांसमोर उभे राहिले. आता पाठ झाली ती पाहुण्यांकडे.

"बाबा, पाहुण्यांना पाठ दाखवू नये, बरं दिसत नाही," निवेदक माइकवरून म्हणाला.

बाबा वाजवतच राहिले. तारपा वाजवताना श्वास तोडत नाहीत.